यूकेमध्ये नर्स म्हणून नोंदणी: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून यूकेची तयारी करणाऱ्यांच्या फाइली बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे अडकतात. कुणी सीबीटी (नोंदणीसाठीची संगणकावरची परीक्षा) आधी देऊन मोकळं होतं आणि इंग्रजीत दोनदा अडकतं. तोवर सीबीटीच्या निकालाची दोन वर्षांची मुदत संपत येते. कुणाचे दोन्ही निकाल हातात असतात, पण महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू केलेलं नसतं. कुणाच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं आणि काउन्सिलच्या नोंदीत तिसरंच काही असतं.

सगळ्या टप्प्यांना एकच नियम लावा. ज्या कागदाला मिळायला वेळ लागतो तो सगळ्यात आधी मागा, आणि ज्याची मुदत संपते तो शक्य तितका उशिरा काढा. पुढचा क्रम याच नियमावर बेतलेला आहे. लेख महाराष्ट्रात शिकलेल्या जनरल नर्सिंगच्या उमेदवारांसाठी आहे. यूकेत नोंदणी करणारी संस्था म्हणजे नर्सिंग अँड मिडवाइफरी काउन्सिल, इथून पुढे एनएमसी. भारतात डॉक्टरांच्या आयोगालाही एनएमसीच म्हणतात, तेव्हा संकेतस्थळ शोधताना यूकेचंच उघडलंय ना, ते बघा.

## टप्पा १: पात्रता बघा, पैसे न भरता

एनएमसीला मुळात दोन गोष्टी हव्या असतात: नर्स होण्यासाठी घेतलेलं मान्यताप्राप्त शिक्षण आणि त्या शिक्षणावर आपल्या देशात नर्स म्हणून झालेली नोंदणी. जीएनएम आणि बीएस्सी दोन्ही चालतात. एएनएमच्या नोंदणीवर यूकेत रजिस्टर्ड नर्स होता येत नाही. "एएनएमवरही करून देतो" असं सांगणाऱ्याकडे पुढे काही विचारत बसू नका.

आपल्याकडे जीएनएम किंवा बीएस्सी झालं की नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही नोंद मिळते. यूकेत मिडवाइफचं रजिस्टर वेगळं आहे आणि त्याची परीक्षाही वेगळी. आठ वर्षं लेबर रूममध्ये काढलेल्या सिस्टरनेही आपल्या शिक्षणावर अर्ज करायचा तो नर्स म्हणूनच, आणि क्षेत्र निवडायचं 'अडल्ट'. चुकून मुलांचं किंवा मानसिक आरोग्याचं क्षेत्र निवडलं तर परीक्षाच वेगळी येते. पीआयसीयूचा (मुलांच्या अतिदक्षता विभागाचा) अनुभव आहे म्हणून 'चिल्ड्रन' निवडणं ही नेहमी दिसणारी चूक आहे. क्षेत्र मूळ शिक्षणावर ठरतं, नंतरच्या वॉर्डवर नाही.

अनुभवाचं काय? नोंदणीसाठी एनएमसी ठरावीक वर्षांचा अनुभव मागत नाही. नोकरी देणारं हॉस्पिटल मागतं, बहुधा एक वर्ष किंवा त्याहून जास्त. त्यामुळे नुकतं पास झालेल्यांनी नोकरी सोडून नुसते क्लास लावू नयेत. अॅक्युट वॉर्ड, आयसीयू, ओटी किंवा कॅज्युअल्टी, जिथे जागा मिळेल तिथे काम करत तयारी करा.

## टप्पा २: नाव सगळीकडे एक करा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि पुढे सगळ्यात जास्त त्रास यानेच होतो.

एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक कागदपत्रावर नाव जसं छापलंय तसं, स्पेलिंगसकट, एकाखाली एक लिहा: दहावीची मार्कशीट, जीएनएम डिप्लोमा किंवा विद्यापीठाची पदवी, महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन, आधार, पॅन, पासपोर्ट, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, अनुभवाची पत्रं. सोबत जन्मतारीखही लिहा. फरक डोळ्यांना लगेच दिसतात.

महाराष्ट्रात तीन घोळ पुन्हा पुन्हा होतात.

पहिला मधल्या नावाचा. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र. परीक्षेचं बुकिंग करताना पासपोर्टवर जे जिथे आहे ते तसंच भरायचं. आडनावाच्या जागी मधलं नाव पडलं, तर परीक्षा केंद्राच्या दारात पासपोर्ट दाखवताना अडचण होते आणि फी बुडते.

दुसरा लग्नानंतरच्या नावाचा. शिक्षण आणि काउन्सिलची नोंद माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने. इथे विवाह नोंदणी प्रमाणपत्र हा दुवा असतो. ते नुसतं मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. त्या वेळी नुसत्या विवाह प्रमाणपत्राने भागत नाही.

तिसरा स्पेलिंगचा: एकीकडे 'शिंदे'च्या शेवटी एक 'ई', दुसरीकडे दोन, 'वैशाली'च्या सुरुवातीला कुठे 'व्ही', कुठे 'डब्ल्यू'. पासपोर्टची मुदत दोनेक वर्षांत संपत असेल तर आधी तो रिन्यू करा, दुरुस्तीही त्याच वेळी करून घ्या. अर्ज अर्ध्यावर असताना पासपोर्टवरचं नाव बदलायला जाऊ नका.

तपासा: काउन्सिलच्या नोंदीतलं नाव पासपोर्टशी जुळवून घेतल्याशिवाय पुढच्या टप्प्यात पैसे भरू नका. काउन्सिलमध्ये नावबदलाची नोंद करून घेता येते. ती आत्ताच करा.

## टप्पा ३: काउन्सिल आणि कॉलेजकडचे कागद

आधी स्वतःचं रजिस्ट्रेशन चालू आहे का ते बघा. महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलची नोंद दर पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते आणि त्यासाठी सीएनईचे (सतत नर्सिंग शिक्षणाचे) तास लागतात. मुदत संपून गेली असेल तर परदेशासाठीचं व्हेरिफिकेशन पुढे सरकतच नाही.

व्हेरिफिकेशन, म्हणजे ज्याला आपण गुड स्टँडिंग म्हणतो, ते काउन्सिलकडून थेट एनएमसीकडे जायला हवं. तुमच्या हाती बंद पाकिटात दिलेलं पत्र स्कॅन करून अपलोड केलं तरी ते धरत नाहीत. कॉलेजने द्यायच्या माहितीचंही तसंच. एनएमसीच्या ऑनलाइन खात्यात अर्ज सुरू केल्यावर काउन्सिलने आणि कॉलेजने काय पुरवायचं ते दिसतं. कॉलेजच्या ऑफिसला त्याआधीच भेटून तीन गोष्टी पक्क्या करा:

- तुमच्या बॅचचं रेकॉर्ड कुठे आहे. जुनं कॉलेज बंद पडलं असेल तर जीएनएमसाठी महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे आणि पदवीसाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे चौकशी करा.
- सही कोण करणार. प्राचार्या बदलल्या असतील तर सध्याच्या प्राचार्यांचीच सही आणि शिक्का लागतो.
- उत्तर कोणत्या ईमेलवरून जाणार. कॉलेजचा स्वतःचा अधिकृत पत्ता असेल तर तोच द्या. क्लार्कच्या खासगी जीमेलवरून गेलेल्या उत्तरावर शंका घेतली जाते आणि पडताळणी लांबते.

दुसऱ्या राज्यात किंवा आखातात काम केलं असेल, तर तिथल्या नोंदींची माहितीही द्यावी लागते. सौदीत तीन वर्षं काढून आलेल्यांनी तिथल्या नियामकाकडची पडताळणी याच टप्प्यात मागवावी. आखातासाठी केलेलं डेटाफ्लो (कागदपत्रांची तपासणी) इथे त्या पडताळणीची जागा घेत नाही.

इशारा: एखादी नोंदणी लपवू नका. जुन्या हॉस्पिटलशी वाद झाला म्हणून तिथलं काम अर्जातून गाळणाऱ्यांची माहिती पुढे मेळ खात नाही, आणि मग प्रश्न तुमच्या प्रामाणिकपणावर येतो. खरं कारण लिहिलेलं केव्हाही सोपं जातं.

पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट आत्ता काढू नका. त्याची वेळ पुढे येते.

## टप्पा ४: इंग्रजी

"आमचं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं, मग परीक्षा कशाला?" पुस्तकं इंग्रजी होती, पण वॉर्डात रुग्णांशी आपण मराठीत आणि हिंदीत बोललो. एनएमसी प्रात्यक्षिक कामातली भाषाही विचारात घेते. त्यामुळे महाराष्ट्रात शिकलेल्यांनी परीक्षा द्यायचीच, असं धरून चाला.

पर्याय दोन. आयईएलटीएस दिली तर अॅकॅडेमिकच. जनरल चालत नाही. वाचन, श्रवण आणि बोलणं यांत प्रत्येकी ७, लेखनात ६.५ आणि एकूण ७. ओईटी (आरोग्यक्षेत्रासाठीची इंग्रजी परीक्षा) दिली तर नर्सिंगची. वाचन, श्रवण आणि बोलणं यांत ३५० म्हणजे बी, आणि लेखनात ३०० म्हणजे सी प्लस. निकाल दोन वर्षं चालतो.

एका बैठकीत सगळं जमलं नाही तर एकाच प्रकारच्या परीक्षेचे, १२ महिन्यांच्या आत दिलेले दोन निकाल जोडता येतात. पण दोन्ही निकालांत कुठलाही गुण ठरलेल्या पातळीच्या अर्ध्या पायरीपेक्षा खाली नको. आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण, बोलणं ६.५च्या आणि लेखन ६च्या खाली गेलं की तो निकाल जोडायला चालत नाही. म्हणून दुसऱ्या वेळी फक्त राहिलेल्या विषयावर जोर देऊन बाकीचे सोडून देणं महागात पडतं.

कोणती निवडायची? वॉर्डात रोज काम करणाऱ्यांना बहुधा ओईटी जवळची वाटते, कारण उतारे आणि संवाद आरोग्याचेच असतात. पण तिच्या लेखनात बरेच जण एकाच ठिकाणी घसरतात. समोर केस नोट्स असतात आणि १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं असतं. नोट्समधली प्रत्येक ओळ पत्रात ओतली की गुण गेले. पत्र कुणाला आहे ते आधी बघा. डिस्चार्जनंतर घरी ड्रेसिंग करणाऱ्या कम्युनिटी नर्सला दहा वर्षांपूर्वीच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनशी काही देणंघेणं नाही. तिला जखमेची सध्याची स्थिती, ड्रेसिंग किती दिवसांनी, टाके कधी काढायचे, अॅलर्जी आणि घरी कोण आहे, एवढं हवं. पहिली पाच मिनिटं फक्त वाचनाची असतात. त्यात काय गाळायचं ते ठरवा.

बोलण्याच्या परीक्षेत आपला वेग नडतो. आपण सूचना देत सुटतो. तिथे रुग्णाला विचारणं, त्याचं ऐकून घेणं आणि समजलं का ते पडताळणं यांना गुण आहेत.

इशारा: "नोकरी देणारा पत्र देईल, इंग्रजीची सूट मिळेल" असं एजंट सांगतात. मालकाच्या पत्राची ती सोय यूकेतच आरोग्य किंवा सामाजिक सेवेत किमान वर्षभर काम केलेल्यांसाठी आहे. महाराष्ट्रात बसून ती लागू होत नाही.

## टप्पा ५: अर्ज आणि सीबीटी

इंग्रजीचा निकाल हातात आल्यावर एनएमसीचा अर्ज पुढे न्या. अर्ज तपासणीची फी १४० पौंड, सीबीटीची ८३. पुढे ऑस्कीची (यूकेत होणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेची) ७९४ आणि नोंदणीची १५३. फी भरायच्या दिवशी एनएमसीच्या संकेतस्थळावरचा आकडा बघून घ्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारे तक्ते जुने असतात.

सीबीटी संगणकावर, भारतातच होते आणि बुकिंग पिअर्सन व्ह्यूतर्फे करायचं. भाग दोन आहेत. 'ए'मध्ये आकडेमोडीचे १५ प्रश्न, ३० मिनिटं. 'बी'मध्ये नर्सिंगचे बहुपर्यायी १०० प्रश्न, अडीच तास. दोन्ही भाग स्वतंत्रपणे पास व्हावे लागतात. नापास झालात तर राहिलेला भाग १० दिवसांनंतर पुन्हा देता येतो.

'ए' सोपा वाटतो म्हणून त्याचा सराव होत नाही. यात उत्तर स्वतः टाइप करायचं असतं, पर्याय नसतात. चुका होतात त्या एककांत. काही नमुने:

- सिरपची ताकद ५ मिलिलीटरमध्ये २५० मिलिग्रॅम, डोस ४०० मिलिग्रॅम. ४०० भागिले २५०, गुणिले ५. उत्तर ८ मिलिलीटर.
- एक लिटर सलाइन ८ तासांत, पंपावर. १००० भागिले ८, म्हणजे ताशी १२५ मिलिलीटर.
- तेच सलाइन पंपाशिवाय, सेट मिलिलीटरला २० थेंबांचा. १००० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं. ४१.६७ येतं, थेंब पूर्णांकात म्हणजे मिनिटाला ४२.
- डिगॉक्सिन ०.१२५ मिलिग्रॅम म्हणजे १२५ मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅमवरून मायक्रोग्रॅमला जाताना १००० ने गुणायचं, भागायचं नाही.

उत्तर किती दशांशापर्यंत मागितलंय ते प्रश्नातच असतं. एक दशांश मागितला असताना पूर्णांक टाइप केला तर बरोबर आकडेमोडही वाया जाते.

'बी'साठी आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांवर विसंबू नका. प्रश्न यूकेच्या पद्धतीवर असतात: एनएमसीची आचारसंहिता, संमती, २००५चा मेंटल कपॅसिटी अॅक्ट, सेफगार्डिंग (असुरक्षित व्यक्तींचं संरक्षण), चूक झाल्यावर रुग्णाला स्वतःहून सांगण्याचं बंधन, संसर्ग नियंत्रण. आपल्याकडे 'डॉक्टरांना विचारते' हे बऱ्याच वेळा सुरक्षित उत्तर असतं. तिथे आधी तुम्ही स्वतः काय तपासलंत आणि काय केलंत हे विचारलं जातं.

इशारा: "तुमच्या जागी परीक्षा देतो" किंवा "या केंद्रावर पास होण्याची हमी" असं कुणी म्हटलं तर तिथून निघा. २०२३मध्ये नायजेरियातल्या इबादान इथल्या एका केंद्राचे निकाल संशयास्पद निघाले. एनएमसीने तिथे परीक्षा दिलेल्यांना पुन्हा सीबीटी द्यायला लावली, यूकेत पोहोचून नोंदणी झालेल्यांनासुद्धा.

## टप्पा ६: नोकरी, आणि इथे थोडं थांबा

सीबीटी झाल्यावर लगेच यूकेचं तिकीट किंवा ऑस्कीचं बुकिंग करू नका. आधी नोकरी.

यूकेतली परदेशी नर्सची भरती २०२२-२३च्या तुलनेत खूप घटली आहे. कागद पूर्ण असले तरी मुलाखतीचं बोलावणं यायला वेळ लागतो, हे घरच्यांनाही आत्ताच सांगा आणि इथली नोकरी सोडू नका. सीबीटीची दोन वर्षं चालू झालेली असतात. म्हणून एनएचएस, म्हणजे यूकेच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एनएचएस जॉब्स या संकेतस्थळावर जाहिराती बघणं सीबीटीच्या तयारीपासूनच सुरू करा. जाहिरातीत परदेशातून येणाऱ्यांना स्पॉन्सरशिप (व्हिसासाठी मालकाचं प्रायोजकत्व) आहे का, की आधीच पिन (एनएमसीचा नोंदणी क्रमांक) असलेलेच हवेत, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. पिन असलेलेच हवेत असतील तिथे अर्ज करून वेळ घालवू नका.

एजंट घ्यायचा असेल तर दोन तपासण्या करा. तो भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला हवा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. आणि एनएचएस एम्प्लॉयर्सच्या नैतिक भरती करणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव बघा. यूकेतल्या एजन्सीने नोकरी शोधून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेणं तिथल्या कायद्याने बंद आहे. "चार लाख भरा, स्पॉन्सरशिप देतो" ही सरळ फसवणूक आहे. आधी केअरर (काळजीवाहू) म्हणून जा, मग नर्स व्हा, हा सल्लाही आता चालणारा नाही: २२ जुलै २०२५पासून परदेशातून केअर वर्करची नवी भरती यूकेने बंद केली आहे.

मुलाखतीत ठरावीक विषय येतात: सेप्सिस, पडलेला रुग्ण, औषधाची चूक, सेफगार्डिंग, बिघडणारा रुग्ण. औषधाची चूक झाली तर काय कराल, याला आपल्याकडची मुलं "इन्चार्जना सांगेन" म्हणून थांबतात. क्रम असा हवा: आधी रुग्ण बघायचा, निरीक्षणं घ्यायची, डॉक्टर आणि इन्चार्ज नर्सला कळवायचं, रुग्णाला खरं सांगायचं, नोंद करायची, घटनेचा रिपोर्ट भरायचा आणि निरीक्षण चालू ठेवायचं.

ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी हे वाचा: पिन येईपर्यंत कोणता बँड (पगाराची श्रेणी), पिन आल्यावर कोणता, ऑस्कीचा खर्च कोण करणार आणि किती प्रयत्नांचा, विमानभाडं आणि सुरुवातीची राहायची सोय, आणि मुदतीआधी नोकरी सोडली तर परत करायची रक्कम. हे शेवटचं कलम सगळ्यात नीट वाचा. रक्कम आकड्यात लिहिलेली हवी आणि महिने सरतील तशी कमी होत जायला हवी. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या महिन्यात सारखीच रक्कम मागणाऱ्या करारावर सही करू नका. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी बँड ५ची सुरुवात वर्षाला ३१,०४९ पौंडांपासून आहे. पूर्ण वेळ म्हणजे आठवड्याला साडेसदतीस तास.

तपासा: हॉस्पिटलचं नाव यूके सरकारच्या परवानाधारक स्पॉन्सरच्या यादीत आहे का? यादी सगळ्यांना खुली आहे, दोन मिनिटांचं काम.

## टप्पा ७: व्हिसा

हॉस्पिटल स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र देतं, त्याला सीओएस म्हणतात. तो एक क्रमांक असतो; मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो. आता, आणि आत्ताच, हे दोन कागद काढा:

टीबी तपासणी, फक्त यूके सरकारने मान्य केलेल्या क्लिनिकमध्ये. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. आपल्या हॉस्पिटलमधला एक्स-रे चालत नाही.

पोलिस क्लिअरन्स, पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावरून अर्ज करून. गेल्या १० वर्षांत इतर कुठल्या देशात १२ महिने किंवा जास्त राहिला असाल तर तिथलंही. आखातातलं मागवायला वेळ लागतो, म्हणून त्याची चौकशी ऑफर येताच सुरू करा. पासपोर्टवरचा पत्ता गावाचा आणि राहणं पुण्या-मुंबईत असेल तर पोलिसांची पडताळणी कुठे होणार ते अर्जातच नीट भरा. गावच्या ठाण्यात फाइल पडून राहते ती इथेच.

हेल्थ अँड केअर व्हिसाला आरोग्य अधिभार लागत नाही. बँकेत १,२७० पौंड २८ दिवस दाखवायची अट हॉस्पिटलने सीओएसमध्ये जबाबदारी घेतली असेल तर लागत नाही. हे एचआरला लेखी विचारा.

## टप्पा ८: ऑस्की

ऑस्की यूकेतच होते, न्यूकॅसल, लीड्स, नॉर्दॅम्प्टन, ऑक्सफर्ड आणि उत्तर आयर्लंडमधल्या केंद्रांवर. कामावर रुजू झाल्यापासून १२ आठवड्यांत पहिला प्रयत्न आणि आठ महिन्यांत नोंदणी, ही व्हिसाची अट आहे. एका अर्जावर तीन प्रयत्न. तिसरा हुकला तर सहा महिने थांबून नवा अर्ज.

दहा स्टेशनं असतात. चार एकाच रुग्णाची: तपासणी, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन. चार कौशल्यांची. दोन लेखी, ज्यात कुणाशी बोलायचं नसतं. प्रत्येक स्टेशन पास व्हावं लागतं. नापास झालेलीच पुन्हा द्यायची. सातपर्यंत राहिली तर फी निम्मी, ३९७ पौंड.

सराव हॉस्पिटल घेतंच, पण दोन गोष्टी इथूनच हातात बसवून जा.

न्यूज-टू. यूकेत रुग्ण बिघडतोय का हे या गुणांवर ठरतं. उदाहरण घ्या: श्वसन २२, त्याचे २ गुण. ऑक्सिजन संपृक्तता ९५, हवेवर: १. वरचा रक्तदाब १०८: १. नाडी ११२: २. शुद्धीवर, सावध: ०. तापमान ३८.४: १. बेरीज ७. पाच-सहाला तातडीने डॉक्टर; सात आणि वर म्हणजे आणीबाणी, क्रिटिकल केअरचं कौशल्य असलेली टीम बोलवायची. यातलं एकेक निरीक्षण बघितलं तर आपल्या वॉर्डात कुणी धावलं नसतं, म्हणून बेरीज करायची सवय लागते तोवर रोज पाच चार्ट भरा. श्वसन पूर्ण एक मिनिट मोजा. आपल्याकडे सगळ्यांचं '२०' लिहायची सवय आहे. परीक्षक ती क्षणात ओळखतो.

औषध देणं. रुग्णाला नाव आणि जन्मतारीख स्वतः सांगायला लावा, मग मनगटाच्या पट्टीशी आणि चार्टशी जुळवा. "तुम्ही अमुक ना?" असं विचारलं की रुग्ण "हो"च म्हणतो. अॅलर्जी चार्टवर बघा आणि तोंडीही विचारा. मग औषध, डोस, मार्ग, वेळ, आधीचा डोस कधी दिला, लिहिणाऱ्याची सही, एक्स्पायरी. संमती घ्या. रुग्णाने गोळी गिळल्यावरच सही करा, आधी नाही. पेनिसिलिनची अॅलर्जी लिहिलेली असताना चार्टवर अमॉक्सिसिलिन असणं हा सापळा असू शकतो. ते दिलं की स्टेशन गेलं. न दिलेल्या औषधाचा ठरलेला कोड आणि कारण लिहावं लागतं, रकाना रिकामा सोडायचा नाही.

लिखाण काळ्या शाईने, सही, नाव, तारीख आणि वेळेसह. चुकलं तर एकच रेघ मारून खोडा आणि बाजूला आद्याक्षरं लिहा. वर गिरवणं किंवा व्हाइटनर अजिबात नको. मायक्रोग्रॅम पूर्ण शब्दात लिहा.

नियोजनाच्या स्टेशनवर रुग्णाच्या दोन समस्या घेऊन प्रत्येकीचं उद्दिष्ट, पुन्हा तपासायची तारीख आणि नर्सिंगची कृती लिहायची असते. आपली मुलं रोगनिदान लिहितात. 'न्यूमोनिया' ही इथे समस्या धरत नाहीत. 'दम लागल्यामुळे स्वतःची काळजी घेता येत नाही' ही आहे. 'ऑक्सिजन द्यावा' एवढं पुरत नाही; लक्ष्य किती, किती वेळाने तपासायचं, कुणाला कळवायचं, हे लागतं.

तपासा: प्रत्येक कौशल्याआधी हात धुताय का, पडदा ओढताय का, स्वतःचं नाव सांगताय का? घरी सराव करताना मोबाइलवर चित्रण करून बघा. तोंडाने म्हटलेलं आणि हाताने केलेलं यात किती फरक पडतो ते दिसतं.

## टप्पा ९: पिन आल्यावर

ऑस्की पास झाल्यावर आरोग्य, चारित्र्य आणि व्यावसायिक विम्याच्या संरक्षणाबद्दलची घोषणा करून नोंदणीची फी भरायची. पिन आला की त्याच दिवशी एचआरला लेखी कळवा आणि बँड ५ कोणत्या तारखेपासून लागू होतो ते पत्रात मागा. पगारपत्रकात बदल दिसेपर्यंत पाठपुरावा करा. पिन येण्याआधी रजिस्टर्ड नर्सची कामं स्वतःच्या जबाबदारीवर करू नका, वॉर्डात कितीही माणसं कमी असली तरी.

दर तीन वर्षांनी रीव्हॅलिडेशन (नोंदणीचं नूतनीकरण) असतं: ४५० तासांचं काम, ३५ तासांचं शिक्षण (त्यातले २० इतरांसोबत), पाच अभिप्राय, पाच लेखी चिंतनं. पहिल्या महिन्यापासून एका फोल्डरमध्ये जमवत जा.

महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलची नोंदही यूकेत असताना रिन्यू करत राहा. पुढे ऑस्ट्रेलिया, आयर्लंड किंवा आखातात जायचं ठरलं, किंवा परत येऊन इथे रुजू व्हायचं झालं, की पहिला प्रश्न याच नोंदीबद्दल येतो. सीएनईच्या प्रमाणपत्रांच्या प्रती आणि रिन्यूअलची तारीख घरी कुणाकडे तरी देऊन ठेवा.